हातोडा जमा करावा

रखवालदाराने दारातच पिशवी उघडली
आणि हातोडा बाहेर काढला.
"हे काय, मॅडम?"
भूशास्त्र, मी म्हणाले. एमएस्सी.
त्याने एक पितळी बिल्ला दिला, नंबर एकोणचाळीस,
आणि हातोडा छत्र्यांच्या बादलीत उभा केला.

नवव्या मजल्यावर तिघे होते.
काचेपलीकडे मिठी नदी, आवाज नसलेली, वास नसलेली.
"उपग्रहाच्या चित्रांवर काम आहे," मधले म्हणाले,
"गाडी घरपोच. एक्सेल येतं ना?"
येतं.
"मग अडचण काय?"
म्हटलं, मला बाहेरचं काम हवंय.
"बाहेर म्हणजे? परदेशात?"

नाही. बाहेर म्हणजे उन्हात.
जिथे बूट झिजतात, मान रापते,
जिथे डबा कातळावर बसून खातात
आणि हात पुसायला पँट असते.
मधल्यांनी पेनाला टोपण लावलं.

आमच्या वर्गात अकरा जण होते.
ग्लेन समुद्रात, तेलाच्या फलाटावर,
चौदा दिवस चिखल वाचतो, चौदा दिवस झोपतो.
भूजल खात्यात एक जागा निघाली होती, तिच्यावर स्थगिती.
दोघी बँकेत. एक अजून परीक्षेला बसते.
नचिकेत फरशीच्या दुकानात ग्रॅनाइट विकतो,
आणि गिऱ्हाइकाला खरं सांगतो
की हा काळा ग्रॅनाइट नव्हेच, गॅब्रो आहे.
मालक म्हणतो, तू पुन्हा असं बोललास तर.

मामा म्हणाला, दगडापेक्षा वीट मऊ,
एखादा बिल्डर धर.

मग एका बुधवारी फोन आला:
मरोळला बोअरिंग चाललंय, नोंदी करायला माणूस पाहिजे.
"बाई चालेल का, विचारून सांगतो."
चालली.

रस्त्याच्या मधोमध, पत्र्याच्या दोन भिंतींमध्ये
वीस फूट लांब, आठ फूट रुंद:
हे माझं बाहेर.
दिवसा वाहतूक, म्हणून ड्रिल रात्री.
ऊन मागितलं होतं, मिळाला हॅलोजन.

शिकलगार यंत्र चालवतो. तेवीस वर्षं.
तो दगडाचं नाव विचारत नाही,
दांडा थरथरला कसा, त्यावरून सांगतो:
"आता कडक आलाय. आता फुटका. आता पाणी पितोय."
मी लिहिते. माझी भाषा लांब आहे, त्याची बरोबर आहे.

पहिले तीन मीटर भराव:
विटा, काच, एका पायातली रबरी चप्पल.
मग खाडीची काळी माती, शिंपल्यांसकट.
मग मुरूम.
मग तो, मनगटाएवढा जाड,
लाकडी पेटीत ओळीने झोपवलेला.

काळ्या दगडावरची रेघ म्हणतात ना,
मला ती सापडली, चौदा मीटरवर.
पांढरी, कॅल्साइटची.
चाकूने खरवडली, तर निघाली की.
मी हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

एकवीस मीटर चाळीसला दगड लाल झाला.
पाणी ओतलं, पुसला, जीभ लावून पाहिली.
शिकलगार दोन पावलं मागे.
"चव कशी आहे?"
मातीची, म्हटलं. माती आहे ही. भाजलेली.
एक लाव्हा थंड झाला, आणि दुसरा यायच्या आधी
हा थर उघड्यावर पडून होता,
पाऊस खात, सुटत, हळूहळू गंजत,
हजारो वर्षं.
"म्हणजे इथे ऊन पडायचं?"
पडायचं.
त्याने खड्ड्यात वाकून पाहिलं,
मग माझ्याकडे, मग घड्याळाकडे.
चार वाजायला आले होते.
"पुढचा दांडा लावू?"
थांबा, म्हटलं, फोटो काढते.

मापासाठी दगडाशेजारी काहीतरी ठेवायचं असतं.
नाणं, पेन, हातोड्याचा दांडा.
हातोडा त्या दिवशी परत घेतला होता,
बिल्ला द्यायचा राहून गेला.
तोच ठेवला. एकोणचाळीस.
अहवालात कुणीतरी विचारेल, हा कसला नंबर.